फिटरला बारा दिवसांसाठी जर्मनीला पाठवायचंय. अर्जात ‘मीटिंग’ लिहायचं की ‘मशीन बसवणं’?

मेहरूणकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब आणि ऑफिसचं काम बघतो. आम्ही दालमिलची मशिनरी बनवतो. चाळण्या, खडे काढायचं मशीन, साल काढायचे रोल, पॉलिशर. आजवर आमचा माल अकोला, लातूर, इंदूर, फार तर नेपाळपर्यंत गेला. यंदा पहिल्यांदाच जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाने मसूर सोलायची अख्खी लाइन घेतली आहे. कंटेनर पुढच्या महिन्यात तिथे पोचेल. आमची माणसं येऊन लाइन उभी करून देतील, चालवून दाखवतील, असं करारात लिहिलंय. काम बारा दिवसांचं. एक फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन जाणार आहेत.

फिटरना आम्ही सगळे नाना म्हणतो. वय बावन्न, आयटीआय झालेले, रोलचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारा माणूस. विमानात कधी बसलेले नाहीत.

व्हिसाचं काम माझ्याकडे आलंय. एजंट म्हणतो, ‘बिझनेस व्हिसा टाका, कारण मीटिंग लिहा. इन्स्टॉलेशन लिहिलं की वर्क परमिटच्या भानगडीत पडाल, सहा महिने जातील.’ मालकांना ते पटलंय. मला पटत नाही. विमानतळावर साहेबाने विचारलं तर उत्तर नानांना द्यायचंय, एजंटला नाही. नानांच्या तळहातावरचे घट्टे बघून कुणी म्हणेल का की हे मीटिंगला आलेत?

जे काम आहे तेच लिहावं असं माझं मत आहे. पण मत सांगून मालक ऐकत नसतात, नियम दाखवावा लागतो. कुणी अशी माणसं पाठवली आहेत का? किंवा स्वतः गेलंय का?

सातपुडा_ट्रेडर्स

भाऊ, मी वीस वर्षं बाहेर माल विकतोय. सगळे मीटिंगच लिहितात. बारा दिवसांसाठी एवढा काथ्याकूट नको. नानांना दोन वाक्यं पाठ करून द्या, झालं काम.

मेहरूणकाठ

दादा, ती दोन वाक्यं खोटी आहेत ना. तीच अडचण आहे.

गिरणामाय

ही अडचण खरी आहे आणि ती इथे विचारलीत हे फार बरं केलंत. मी मूळची चाळीसगावची. आता पुण्यात एका इंजिनिअरिंग कंपनीत माणसं परदेशी पाठवायचं काम बघते. चौदा वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. व्हिसा किती दिवसांचा आणि तिथे काय करायला परवानगी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘बाराच दिवस आहेत’ हे उत्तर फक्त पहिल्या प्रश्नाचं. एका दिवसाचं काम असलं तरी ते त्या देशाच्या कायद्यात ‘काम’ धरलं जात असेल तर परवाना लागतो. उलट साठ दिवस नुसत्या बोलण्या केल्या तर लागत नाही. आपल्याकडे सगळे दिवस मोजतात, हातात पाना आहे की पेन ते कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट, आणि हीच तुमच्या मालकांना दाखवा. जर्मनीच्या रोजगार नियमावलीत कलम १९ आहे ते नेमकं तुमच्यासारख्यांसाठीच. परदेशातल्या कंपनीने विकलेलं मशीन बसवायला, जोडायला, दुरुस्त करायला, किंवा ते चालवायचं शिकवायला त्या कंपनीची स्वतःची माणसं गेली, तर १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत तिथल्या रोजगार खात्याच्या मंजुरीची गरज नाही. बसवण्याच्या कामासाठी अट एवढीच, की काम सुरू व्हायच्या आधी त्या खात्याला तशी सूचना द्यायची. त्याचा ठराविक फॉर्म आहे. सूचना दिल्याचा कागद व्हिसाच्या अर्जाला जोडायचा.

म्हणजे एजंट ज्याला भानगड म्हणतोय तिथे सरळ वाट आहे. व्हिसा तरीही लागेल, कारण आपल्या पासपोर्टला शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला) व्हिसा लागतोच. पण अर्जात ‘आमच्या कंपनीने विकलेल्या मशीनची उभारणी’ असं स्पष्ट लिहा. व्हिसा केंद्राकडून त्या हेतूची कागदांची यादी मागून घ्या, साध्या बिझनेसची नको.

माणसं तुमच्या पगारपत्रकावरची हवीत हेही बघा. ऐनवेळी रोजंदारीवर घेतलेला हेल्पर त्यात बसत नाही.

पांझराकाठ

ताईनी बठ्ठं उलगडी सांगं. कागद खरा ऱ्हायना ते मानूस ताठ उभा ऱ्हास, एवढंच माले माहीत शे.

फिटर_भुसावळ

मी नानांच्या जागी उभा राहिलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१७ ची गोष्ट. आखातातल्या एका देशात एका कारखान्याचा बॉयलर बंद ठेवून दुरुस्ती होती. ठेकेदाराने आम्हा नऊ जणांना व्हिजिट व्हिसावर नेलं. विमानात बसायच्या आधी सांगितलं, कुणी विचारलं तर नातेवाइकाला भेटायला आलो म्हणा. नातेवाइकाचं नावही एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली होती.

अकराव्या दिवशी साइटवर तपासणी आली. आम्ही सगळे पिवळ्या हेल्मेटमध्ये, हातात ग्राइंडर. नातेवाइकाचं नाव कुठे सांगणार? तीन रात्री एका खोलीत ठेवलं. मारलं नाही, जेवण दिलं, खोटं कशाला बोलू. पण घरी फोन करता आला नाही. आमच्या मंडळी तीन दिवस देवासमोर बसून होत्या. चौथ्या दिवशी परत पाठवलं. बोटांचे ठसे घेतले आणि पुन्हा यायला बंदी घातली. ठेकेदार मुंबईतच होता, त्याचा फोन बंद. अकरा दिवसांची मजुरी आजपर्यंत मिळाली नाही.

नंतर दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत चांगली संधी आली. तोच देश होता. जाता आलं नाही.

सातपुडा दादा, राग नाही, पण दोन वाक्यं पाठ करून द्या असं म्हणू नका. ती वाक्यं बोलताना घसा कोरडा पडतो तो आमचा.

मेहरूणकाठ

भाऊ, तुमचं वाचून थांबलोच. उद्या मालकांना हे वाचून दाखवणार.

सातपुडा_ट्रेडर्स

फिटरभाऊ, तुमच्यावर जे बेतलं ते वाईट झालं. मी हलक्यात लिहिलं, ते शब्द मागे घेतो.

पण माझाही मुद्दा ऐकून घ्या. आम्ही छोटे लोक. ऑर्डर पदरात पडते तीच मुळात वेळेत देतो म्हणून. मोठ्या कंपनीकडे वकील आहे, वेगळं खातं आहे. आमच्याकडे एक माणूस, तोच जीएसटी भरतो, तोच व्हिसा बघतो. परवान्यासाठी चार महिने थांबायचं म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. नियम करणाऱ्यांना हे कोण सांगणार?

गिरणामाय

दादा, हा मुद्दा अगदी रास्त आहे आणि मी तो रोज ऐकते. पण बहुतेक देशांनी विक्रीनंतरच्या सेवेसाठी वेगळी सोय ठेवली आहे ती याचसाठी. त्यांनाही त्यांच्या कारखान्यात मशीन चालू हवं असतं. आपण ती सोय शोधत नाही आणि थेट मीटिंग लिहून मोकळे होतो.

माझ्या कामात नेहमी लागतात तेवढीच उदाहरणं देते.

ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावरही मशीन बसवणं, उतरवणं, दुरुस्त करणं चालतं. मात्र तिथल्या कंपनीशी विक्रीचा, पुरवठ्याचा किंवा भाड्याचा करार हवा.

अमेरिकेत बी-१ वर, म्हणजे तिथल्या बिझनेस व्हिसावर, मशीन बसवायला जाता येतं, पण विक्रीच्या करारातच ‘विकणारा माणूस पाठवून बसवून देईल’ असं लिहिलेलं हवं. जाणाऱ्याकडे त्या मशीनचं खास ज्ञान हवं आणि त्याला अमेरिकेतून एक रुपया मिळता कामा नये, पगार इथूनच. बांधकाम मात्र त्यात येत नाही. मशीनखालचा काँक्रीटचा पाया तुमच्या माणसाने ओतायचा नाही.

चीनमध्ये विकलेलं मशीन बसवायला, चालू करून द्यायला ९० दिवसांपर्यंत व्यापाराचा एम व्हिसा चालतो. २०१५ पासून तसा नियम आहे. तेवढ्याच दिवसांचं दुसरं काम असेल तर कामाचा व्हिसा.

नायजेरियात याच कामासाठी तात्पुरता कामाचा परवाना मिळतो.

म्हणजे चार देशांत चार तऱ्हा. पण सगळीकडे पहिला कागद एकच लागतो, तो म्हणजे करार, आणि त्यात बसवून देण्याचं कलम. मेहरूणकाठ, तुमच्या करारात ते आहे म्हणून तुमचं निम्मं काम झालंय. ज्यांच्या करारात नाही त्यांनी पुढच्या ऑर्डरपासून ते घाला. दोन ओळी वाढतील फक्त.

धुळेकर_आयटी

मी सॉफ्टवेअरवाला, आमच्या क्षेत्रातलं सांगतो. बी-१ चा प्रश्न आमच्याकडे फार गाजला. ऑक्टोबर २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. मीटिंगच्या व्हिसावर माणसं पाठवून प्रत्यक्ष काम करवून घेतलं, असा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य केला नव्हता, पण पैसे भरले. त्यानंतर आमच्याकडे प्रवासाआधी पानभर प्रश्नावली आली. तिथे कोड लिहिणार का? गिऱ्हाइकाच्या टीमला कामं वाटून देणार का? कुणाच्या जागी बसणार का?

सुरुवातीला कटकट वाटली. आता वाटतं, ती प्रश्नावली माझ्याच बाजूची आहे. मॅनेजरने तिथे गेल्यावर ‘जरा हे पण करून टाक’ म्हटलं तर मी तो कागद दाखवतो.

तापीतीर

सातपुडा दादांनी ‘सगळे करतात’ म्हटलं होतं म्हणून हे लिहितोय. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला तो आठवतो का? ४७५ लोक ताब्यात घेतले, त्यातले तीनशेहून जास्त दक्षिण कोरियाचे. त्यात यंत्रं बसवायला आलेले तंत्रज्ञ होते, काही जण बी-१ वर, काही व्हिसामाफीवर. त्यांच्यातल्या अनेकांचं काम नियमात बसतं असं त्यांचे वकील सांगत होते. तरी बेड्या पडलेले फोटो जगभर गेले, आणि शेवटी कोरियाच्या सरकारने खास विमान पाठवून माणसं घरी आणली.

एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढं श्रीमंत सरकार पाठीशी. आपल्या नानांच्या पाठीशी कोण? मेहरूणकाठ आणि एक फाइल. ती फाइल तरी भक्कम असू द्या.

केळीवाला_रावेर

आमचं काम दुबईचं. केळीचे कंटेनर जातात, वर्षातून दोनदा व्यापाऱ्यांना भेटायला जातो. बाजार बघणं, भाव ठरवणं, हिशेब मिटवणं हे व्हिजिट व्हिसावर चालतं, आजवर अडचण आली नाही.

पण गेल्या वर्षी तिथला एक व्यापारी म्हणाला, तुमचा पिकवणी खोलीतला पोरगा दीड महिना इथे पाठवा, आमच्या माणसांबरोबर काम करेल, मी खर्च देतो. मी हो म्हणणार होतो. तिथल्याच एका जुन्या ओळखीच्या माणसाने अडवलं. २०२४ पासून तिथे परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला १ लाखापासून १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. मग त्या व्यापाऱ्यालाच सांगितलं, रीतसर परवाना काढा. त्याने काढला, पोरगा गेला, शिकवून आला. थोडा वेळ लागला एवढंच.

आदिवासी_पाडा_ते_परदेश

एक विचारू? माझा मामेभाऊ नंदुरबारचा, वेल्डर आहे, नववीपर्यंत शिकलाय. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय. त्याची कंपनी त्याला ओमानला पंधरा दिवसांसाठी पाठवतेय. काही अडेल का?

गिरणामाय

नीट विचारलंत. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारण हा शेरा असतो. १९८३ च्या कायद्याप्रमाणे असा पासपोर्ट असणारा माणूस ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जात असेल तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. ओमान, सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहरीन, मलेशिया हे सगळे त्या यादीत आहेत. नुसतं फिरायला किंवा बोलण्यांना जाणाऱ्याला ती लागत नाही. म्हणूनच ठेकेदार वेल्डरला पाहुणा म्हणून नेतात, म्हणजे मंजुरी टळते. पण त्या मंजुरीत करार, पगार, विमा तपासला जातो, आणि ते सगळं कामगाराच्याच भल्याचं आहे.

मामेभावाच्या कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा. व्हिसावर ‘काम’ लिहिलंय का? आणि मंजुरी कोण काढणार? लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर त्याला थांबवा.

फिटर_भुसावळ

थांबवाच. माझ्याही पासपोर्टवर तोच शेरा होता. मागून माझ्या मुलीने मला ओपन स्कूलमधून दहावीला बसवलं. पास झालो. आता शेरा निघालाय.

पांझराकाठ

भाऊ, पोरीले आमनाकडथीन शाबासकी सांगजो!

ठिबक_सिंचन

जळगावकरांनी पाण्याच्या थेंबावर जग पाहिलं, त्यातला मीही एक. ठिबकची कामं घेऊन केनियाला चार वेळा गेलो. दोन गोष्टी सांगायच्यात.

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायची ऑनलाइन परवानगी, आणलंय. ते घेऊन बोलण्या, प्रदर्शन, शेत बघणं करता येतं. प्रत्यक्ष पाइप टाकायला, फिल्टर बसवायला उभं राहायचं तर तिथल्या कंपनीने तुमच्यासाठी स्पेशल पास काढायचा असतो. आम्ही तो काढतो.

दुसरी गोष्ट व्हिसाची नाही, पण त्याहून जास्त लोक तिथे अडकतात. पिवळ्या तापाची लस. जायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. ते पिवळं पुस्तक नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात आणि सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. आमच्या एका साथीदाराच्या मुलीचं लग्न पाचव्या दिवशी होतं. पुस्तक घरच्या कपाटात राहिलेलं. त्याच्या भावाने रात्री जळगावहून गाडी पकडून सकाळी मुंबईत पोचवलं तेव्हा सुटका झाली.

खानदेशी_सुगरण

मेहरूणकाठ, नानांच्या पोटाचं काय? बारा दिवस ब्रेडवर राहतील का? बिबडे, कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, शेवभाजीचा मसाला बांधून द्या.

धुळेकर_आयटी

ताई, बिबडे आणि चटणी नेता येईल, पण पेढे, तूप, खवा बॅगेत टाकू नका. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. आईने दिलेलं तूप मी कस्टमच्या टेबलावर ठेवून आलोय. आईला अजून सांगितलेलं नाही.

खानदेशी_सुगरण

बरं झालं सांगितलंस रे बाबा. आमच्याकडून कुणीही निघालं की पहिला पेढ्याचाच पुडा भरतो.

वरणगावकर

खाण्यावरून हत्यारांची आठवण झाली. नाना पाने, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, अलाइनमेंटचं साहित्य नेणार ना? ते हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावं लागतं. किमती साहित्य तात्पुरतं नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट काढता येतं. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते. त्यामुळे तिकडे ड्युटी भरावी लागत नाही आणि परत येताना इथेही ‘हे विकत आणलं का’ असा प्रश्न येत नाही. साधे पाने असतील तर मी तरी गिऱ्हाइकालाच सांगतो, ही यादी, एवढं तिथे तयार ठेवा.

मेहरूणकाठ

हे डोक्यातच नव्हतं. नानांना विचारलं तर म्हणाले, ‘बाकी त्यांचं चालेल, माझा फीलर गेज आणि लाकडी हातोडी माझीच लागेल.’

शहादा_एक्स्प्रेस

दिवसांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. लोक समजतात जानेवारी ते जून एक खातं, जुलैपासून नवं. तसं नाही. तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यात एकूण ९० च्या वर जायचं नाही. उतरल्याचा दिवसही धरायचा, निघाल्याचाही. आणि जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स सगळ्यांचा हिशेब एकत्र.

पूर्वी शिक्के पुसट असायचे, मोजणी अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर होती. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात होते. एक दिवस जास्त झाला तरी यंत्राला कळतं.

नानांचे बाराच दिवस, त्यांना अडचण नाही. पण मशीन पहिल्या वर्षी तीनदा बोलावतं हे मला साखर कारखान्याच्या कामावरून ठाऊक आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारखा लिहा. आणि अर्जात एकदाच येण्याचा व्हिसा मागू नका, अनेकदा येण्याचा मागा. १८ एप्रिल २०२४ च्या युरोपच्या निर्णयानुसार भारतीयांना तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा मिळू शकतो, नंतर पाच वर्षांचा.

गिरणामाय

शहादाकरांनी ‘नीट वापरले’ म्हटलंय ते महत्त्वाचं. खोट्या कारणावर घेतलेला व्हिसा उघडकीला आला की पुढची सगळी दारं जड होतात, आणि तो डाग माणसाच्या नावावर बसतो. कंपनी बदलली तरी जात नाही.

मेहरूणकाठ, तुमच्या फाइलसाठी शेवटचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर घेत नाहीत. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतो, तेव्हा कंटेनर पोचायची तारीख आणि माणसांची तारीख यात अंतर ठेवा. विमा किमान ३० हजार युरोंचा. फी ९० युरो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवा.

भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू. त्यामुळे दोघांसाठी पीएफ कार्यालयाकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र काढा, म्हणजे तिथे वेगळी वर्गणी मागितली जात नाही.

आणि सगळ्या कागदांची एक प्रत नानांच्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही ते दारावरचा अधिकारी ठरवतो. करार, निमंत्रणपत्र, सूचनेचा कागद, हॉटेल, परतीचं तिकीट. मराठीत एक पान वेगळं लिहून द्या, कुठला कागद कशाचा. माणसाला आपल्या हातात काय आहे हे कळलं की तो घाबरत नाही.

सातपुडा_ट्रेडर्स

ताई, टांझानियाचं एक विचारायचंय. आमचा माणूस तिथे पंप चालू करून द्यायला जातो. आजवर पन्नास डॉलरच्या साध्या व्हिसावर गेला.

ठिबक_सिंचन

तो पर्यटकाचा आहे दादा. छोट्या कामासाठी जाणाऱ्याला तिथे बिझनेस व्हिसा घ्यावा लागतो, अडीचशे डॉलरचा. तुमचा माणूस आजवर दोनशे डॉलर वाचवण्यासाठी जोखीम घेत होता, आणि ते दोनशे त्याच्या खिशात जात नव्हते.

सातपुडा_ट्रेडर्स

समजलं. पुढच्या खेपेपासून अडीचशेवाला.

मेहरूणकाठ

(तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिरा येतोय, पण बरंच घडलं.

धागा छापून मालकांसमोर ठेवला. फिटरभाऊंचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, एजंट सोडा, तुम्हीच करा. आमच्या गिऱ्हाइकाला मेल टाकला की कलम १९ खाली येतोय, तेव्हा त्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, ‘हो, आमचे युरोपबाहेरचे पुरवठादार असंच येतात, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल.’ सूचनेचा फॉर्म त्यांच्याकडच्या बाईंनी भरायला मदत केली. करारातलं कलम इंग्रजीत होतं, त्याचं जर्मन भाषांतरही त्यांनीच जोडलं.

नाना आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन मी स्वतः मुंबईला गेलो. रात्रीची गाडी, सकाळी दादर, दहाला बीकेसीत. खिडकीतल्या मुलीने कागद चाळत नानांना विचारलं, ‘काका, तिथे काय करणार?’ मी मागे उभा होतो, छाती धडधडत होती. नाना म्हणाले, ‘मशीन बसवणार. आमच्या कंपनीचं आहे, मीच जोडलंय.’ आणि त्यांनी खिशातून फोन काढून रोलचा फोटो दाखवला. ती हसली, ठसे घेतले, झालं.

काल पासपोर्ट आले. दोघांनाही व्हिसा. अनेकदा येण्याचा मागितला होता, मिळाला दोनदा येण्याचा. चालेल.

गिरणामायताई, मराठीतलं पान लिहून दिलंय. नानांनी ते लॅमिनेट करून आणलंय.

फिटर_भुसावळ

नानांना माझा नमस्कार सांगा. जर्मनीत पोचल्यावर पहिल्या दिवशी घरी फोन करायला सांगा.

खानदेशी_सुगरण

बिबडे कधी आणून देऊ? मी जिल्हापेठेत राहते.

मेहरूणकाठ

ताई, रविवारी निघतायत. शनिवारी संध्याकाळी मी येऊन घेऊन जातो.